वडिलांच्या लिव्हरचं ऑपरेशन, स्टेपलरच्या पिना सुटतील का?

बावड्याच्या दादांचा प्रश्न असा: वडिलांच्या लिव्हरचा उजवा भाग काढायचाय, सर्जन स्टेपलर वापरणार म्हणतात, पिना सुटल्या तर? मी कोल्हापुरात बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. टेबलाशेजारून जे बघितलं ते सांगते.

आधी ऑफिसातला स्टेपलर डोक्यातून काढा. हा एका दाबात दोन्हीकडं टायटॅनियमच्या पिनांच्या तीन-तीन रांगा मारतो आणि मधून पातं फिरवतो. मिटलेली पिन इंग्रजी 'बी'सारखी दिसते. शिरेला बुटक्या पिनांचं रिलोड, म्हणजे पिनांची भरलेली पट्टी, लागतं, आमच्याकडं ते पांढरं असायचं. उंच पिनांचं लावलं तर शीर नीट मिटत नाही. म्हणून हातात देताना रंग मोठ्यानं सांगायचा, हा आमचा शिरस्ता.

खरी धास्ती असते ती उजव्या हिपॅटिक व्हेनच्या, म्हणजे लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेच्या, बुंध्याशी. ही शीर थेट महाशिरेत, म्हणजे हृदयाकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत, उघडते, तिथं रांग फसली की रक्त डोळ्यांदेखत भरतं. एकदा आधी लावलेली बारकी क्लिप जबड्यात आली आणि यंत्र अर्ध्यात अडकलं. सरांनी महाशिरेच्या बाजूला क्लॅम्प आधीच लावून ठेवला होता, शीर हातानं शिवली, पेशंट घरी गेला. क्लॅम्प नसता तर काय, हा विचार मी आजही टाळते.

नेटवर एफडीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, स्टेपलरबद्दलचा आकडा सापडेल: 2011 ते मार्च 2018 मध्ये 41,000 वर तक्रारी, 366 मृत्यूंच्या नोंदी. तो सगळ्या अवयवांच्या ऑपरेशनांचा आहे, आणि नोंद झाली म्हणजे दोष यंत्राचाच असं नव्हे. लिव्हरपुरतं बघाल तर जर्मनीत हायडेलबर्गच्या सर्जननी 130 पेशंटांवर तुलना केली, 2014 ला छापली. चिमट्यानं मांस चिरडून एकेक नळी बांधण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा रक्त कमी गेलं नाही, जास्तही नाही. वेळ मात्र वाचला.

पित्त गळणं दोन्हींत होतं, पोटातून बाहेर काढलेली नळी, म्हणजे ड्रेन, बघून कळतं. पिना आत राहतात, पुढं एमआरआय चालतो.

सर्जनना स्टेपलरपेक्षा आधी हे विचारा की मागं किती लिव्हर उरणार. निरोगी लिव्हर असेल तर साधारण पाव भागावर निभतं, सिरोसिस (लिव्हर कडक, निबर होणं) असेल तर 40 टक्के तरी हवं. आणि रिलोड नवं, सीलबंदच हवं. बिलावर जितकी रिलोड लावलीत, तितकी बॅच नंबरची स्टिकरं केसपेपरवर चिकटवलेली आहेत का, ते मोजून घ्या.