बँकेतून रिटायर झालो, झेडपीच्या शाळेत शिकवायला जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, बँकेत कॅशियर होतो, आता रिटायर होऊन वाईजवळ आमच्या गावी राहतोय. इथली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे, शिक्षक दोनच. आठवड्यातून दोन दिवस जाऊन पोरांना गणित नाहीतर इंग्रजी शिकवावं असं फार मनात आहे, पैसे वगैरे नकोत. पण डीएड-बीएड काही नाही. परवानगी कोणाची घ्यायची आणि वर्गात नेमकं करायचं काय? मिसेस म्हणते उगाच सरांच्या कामात लुडबूड होईल.

उत्तर: काका, जरूर जा! डीएडची काळजी सोडा, तुम्ही शिक्षकाच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला जाताय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक असं प्रमाण आहे, म्हणजे तुमच्याकडे चार इयत्ता आणि माणसं दोन, एकीकडे दुसरीला बेरजा देऊन बसवायचं आणि तेवढ्यात पहिलीला अक्षरं गिरवायला घ्यायची, त्यात मागे पडलेल्या पोरांजवळ बसायला वेळ मिळणार कधी? तिथे तुमची खरी गरज आहे.

आधी मुख्याध्यापकांना भेटा, "मी काय शिकवू" असं न विचारता "कुठली मुलं माझ्याकडे देता" असं विचारा, मिसेसची शंका तिथेच मिटेल. मग साधा अर्ज द्या, वार आणि वेळ लिहून, म्हणजे तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येईल, तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात त्यामुळे गावालाही कळतं कोण येतंय ते. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कानावरही जाऊ दे. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं, तेही करून ठेवा.

आता वर्गातलं. फळ्यासमोर उभं राहून लेक्चर नको, चार-पाच पोरं घेऊन खाली सतरंजीवर बसा. तिसरीतल्या पोराला 42 वजा 17 घाला, बरीच मुलं 35 लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सरळ सातातून दोन काढतात. तेव्हा "हातचा घे रे" असं ओरडून काही होत नाही. खेळण्यातल्या दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि 17 रुपये मागा. एक नोट दिली, आता सात सुटे कुठून आणणार, मग तोच म्हणतो एक नोट मोडून द्या! तुम्ही तर आयुष्यभर सुट्टे दिलेत, हे तुमच्याइतकं छान कोण शिकवणार. असं दोन-चारदा हाताने झालं की मगच वहीत मांडायला लावा.

इंग्रजी नंतर घ्या. ज्याला मराठीतला परिच्छेद अडखळत वाचावा लागतोय त्याच्यावर स्पेलिंगचा मारा केला तर तो शाळेलाच कंटाळेल असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला तोंडीच ठेवा, वर्गातल्या वस्तू, छोट्या सूचना, गाणी.

आणि मुलांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, पालकांना न विचारता तर अजिबात नाही. ठरलेल्या वारी जमणार नसेल तर आदल्या दिवशी सरांना फोन करा, कारण त्यांनी तुमच्या भरवशावर दुसऱ्या वर्गाचं काम आखलेलं असतं.