टेम्पोचा विमाच नव्हता. आता भरपाई कोणाकडून?

प्रश्न : सातारा–कोरेगाव रस्त्यावर एका टेम्पोने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली. पायाचे हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली, स्कूटरही चेपली. टेम्पोचा विमा संपलेला होता, असे पोलिसांनी सांगितले. मालक म्हणतो, "टेम्पो पोलिसांकडून सोडवून घेऊ द्या, धंदा सुरू झाला की पैसे देतो." माझ्या विम्यातून काही मिळेल का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : प्रथम आपली पॉलिसी उघडून पाहा. ती केवळ 'थर्ड पार्टी' असेल, तर स्कूटरच्या दुरुस्तीसाठी तिच्यातून काहीही मिळणार नाही. ती पॉलिसी तुमच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर कामी येते. सर्वसमावेशक पॉलिसी असल्यास, चूक कोणाचीही असली तरी, घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून दुरुस्तीचा खर्च मिळतो. मात्र 'नो क्लेम बोनस' (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून किरकोळ बिलासाठी क्लेम करण्यापूर्वी हिशेब करावा. पॉलिसीसोबतचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू व कायमच्या अपंगत्वापुरतेच असते. हाड जुळून येणार असेल तर त्यावर विसंबू नये. रुग्णालयाचे बिल मेडिक्लेममधून घ्यावे. याशिवाय मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तांवर नियुक्त रुग्णालयांत पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोकडरहित उपचार होतात आणि धडक देणाऱ्या वाहनाचा विमा नसला तरी ते नाकारले जात नाहीत. 'हिट अँड रन'ची भरपाई मात्र वाहन अज्ञात असेल तरच मिळते, त्यामुळे ती आपल्याला लागू नाही.

आता मालकाच्या प्रस्तावाविषयी. तो मुळीच मान्य करू नका. विमा नसलेले अपघातग्रस्त वाहन पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये आणि मालकाने ते दिले नाही, तर ३ महिन्यांनंतर दंडाधिकाऱ्यांनी वाहनाचा जाहीर लिलाव करून रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरावी, असा नियम आहे. टेम्पो ताब्यात असणे हीच सध्या आपली खरी हमी आहे. तो एकदा रस्त्यावर आला की मालकाच्या शब्दाला काय किंमत उरते, हे अशा प्रकरणांत नेहमी दिसते. म्हणून वाहन सोडण्याचा अर्ज कोणत्या न्यायालयात आहे, हे तपासी अंमलदाराकडून जाणून घेऊन वकिलामार्फत तेथे लेखी हरकत नोंदवा.

त्याचबरोबर फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले व बुडालेल्या पगाराचा दाखला जोडून, चालक आणि मालक या दोघांविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. कायद्यात त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, तडजोडीच्या बोलण्यांत ती घालवू नका. निकालानंतरही मालकाने टाळाटाळ केली, तर न्यायाधिकरणाच्या प्रमाणपत्रावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला असल्याने, मेडिक्लेम घेतल्यास दावा कमी होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.