तळ्याच्या काठाला प्लास्टिक दिसतंय, काय करू?

प्रश्न: ताई, घरामागे लायनर टाकून छोटं तळं केलंय. पण काठावरचं काळं प्लास्टिक उघडं दिसतं आणि महिन्याभरात पाणी हिरवं झालं. सजवू कसं?

उत्तर: आधी काठ बघू, कारण तळं नकली दिसतं ते तिथेच. चपटे दगड घ्या आणि पाण्यावर साधारण ५ सेंमी पुढे येतील असे बसवा, म्हणजे त्यांची सावली पडते आणि प्लास्टिक त्या सावलीत गडप होतं. सगळे एकाच मापाचे नकोत हं, माळेतल्या मण्यांसारखे दिसतात, एखादा मोठा दगड मातीत अर्धा गाडा, दोन दगडांच्या फटीत नेचा लावा, आणि एका बाजूला गोट्यांचा उतार ठेवाच, बेडूक किंवा पाण्यात पडलेली खार तिथूनच तर बाहेर येणार.

हिरव्या पाण्याचं म्हणाल तर ते शेवाळ, त्याला ऊन आणि खाद्य दोन्ही भरपूर मिळतंय. पाणी सारखं बदलू नका, उलट वाढतं. पाण्यातली लिली लावा, पाण्यात ठेवायच्या कुंडीत चिकणमाती आणि वर खडीचा थर, पानांनी निम्मं पाणी झाकलं की फरक दिसेल. लिलीला ५-६ तास ऊन हवं, आणि कारंजं तिच्यापासून लांब, पानांवर सतत पाणी उडालेलं तिला अजिबात सोसत नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडा, पण मोजकेच, आणि ते तळ्याबाहेर ओढ्यानाल्यात जाऊ देऊ नका.