अमेरिकेतली पहिली कायमची इंग्रज वसाहत असलेल्या जेम्सटाउनला गेलेल्या तीन इंग्रज जहाजांची आठवण आज कुठे पाहायला मिळते?

मुख्यतः व्हर्जिनियातल्या ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ संग्रहालयात. २० डिसेंबर १६०६ला लंडनहून निघालेल्या सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती तिथे धक्क्याला लागलेल्या असतात. वर चढून जरूर बघा. सर्वांत लहान डिस्कव्हरी बघितली की माणसांनी त्यात चार महिन्यांवर दिवस कसे काढले असतील, असं वाटतं. लंडनमध्ये ब्लॅकवॉलला थेम्सकाठीही स्मारक आहे.

पण ही आठवण तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांशिवाय अपुरी आहे, जमीन त्यांची गेली. म्हणून इंग्लंडला गेलात तर ग्रेव्हसेंडचं सेंट जॉर्ज चर्च चुकवू नका. १६१७मध्ये पोव्हाटन प्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस हिला तिथेच पुरलं. त्या तीन जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १६१७मध्येच जावातल्या बांतामला वारला.