धबधब्याला जाशील तेव्हा आधी वरचं पठार बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॅमेरा आला, ट्रायपॉड आला आणि देवकुंड, काळू, वजराई अशी पावसाळ्यातल्या धबधब्यांची यादीही तयार झाली, हे वाचून फार बरं वाटलं. कोणती लेन्स लावू, शटर किती ठेवू, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवू, असं तू विचारलंयस. ते सगळं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. धबधब्यासमोर उभं राहण्याआधी त्याच्या वर काय आहे ते माहीत करून घ्यायचं. पाणी कुठल्या पठारावरून येतं, किती लांबून येतं, मध्ये बंधारा किंवा धरण आहे का. जीव सांभाळायला ही माहिती लागते आणि चांगला फोटो काढायलाही हीच लागते. मी या दोन गोष्टी कधी वेगळ्या शिकवत नाही.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. काही थर टणक, काही मऊ, आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मधे तो लालसर भाजलेल्या मातीचा पट्टा दिसतो. मऊ भाग लवकर झिजतो, टणक कातळ उभा राहतो. म्हणून आपल्याकडचे बहुतेक मोठे धबधबे टप्प्याटप्प्याने उतरतात. खालच्या कुंडापाशी तू उभी असतेस तेव्हा तुला शेवटची एक-दोन धारच दिसते. माळशेजच्या काळूचं तसंच आहे. खालून कितीही मान वर केलीस तरी वरचे टप्पे आणि त्यामागचा माथा दिसणार नाही. त्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, म्हणजे पाणी मुरायला जागाच नाही. जोराची सर आली की ते सगळं ओढ्यात उतरतं आणि थोड्याच वेळात खाली पोचतं. तुझ्या डोक्यावर ऊन असताना वर दोन कोसांवर पाऊस कोसळत असू शकतो.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच वाहून गेली. ओढ्याच्या मधोमध, एकमेकांना धरून उभी होती. तो व्हिडिओ तू पाहिला असशील. मला तो परत बघवत नाही. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं राहून फोटो काढायचा नाही, कुणाचा काढून द्यायचा नाही आणि कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणायचं. याला अपवाद नाही.

आता खुणा सांगतो, त्या पाठच कर. ओढ्याचं पाणी स्वच्छ असताना अचानक गढूळ, चहासारखं व्हायला लागलं की निघायचं. पाण्यावरून पालापाचोळा, काटक्या, फेसाचे गोळे यायला लागले की निघायचं. आवाज बदलला, मघापेक्षा जड आणि घुमणारा झाला, तरी निघायचं. मी कुंडाशी पोचलो की पाण्याच्या काठावरचा एखादा दगड हेरून ठेवतो, जेमतेम ओला होणारा. दर थोड्या वेळाने त्याच्याकडे नजर टाकतो. तो बुडाला की बाकी काहीही चालू असो, सामान आवरायला घेतो. ट्रायपॉड अडकला तर तिथेच सोडून द्यायचा. आणि लक्षात ठेव, परतीच्या वाटेवर जितके ओढे आहेत तितक्या ठिकाणी तू अडकू शकतेस. भिऱ्याहून देवकुंडला जाताना हेच होतं. कुंडापाशी सगळं ठीक असतं आणि मधला ओढा चढलेला असतो. चढलेला ओढा ओलांडायचा नाही. पलीकडे बसून राहायचं, उपाशी राहायचं, रात्र झाली तरी चालेल.

हवामान खात्याचा अंदाज बघताना शहराचा बघू नकोस. पुणे आणि सातारा या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो, तो बघ. पुण्यात रस्ते कोरडे असतात आणि ताम्हिणीत झोडपून निघतं. ऑरेंज असेल तर घरी बस. रेड म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो, त्या दिवशी घाटात गाडीसुद्धा नको. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी घालतं, देवकुंडला तर बऱ्याचदा. ती चुकवून आडवाटेने जाणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. काही झालं तर दोर घेऊन खाली उतरतात ती गावातली आणि बचाव पथकातली पोरं. त्यांचाही जीव तेवढाच मोलाचा आहे.

धरणाखालच्या धबधब्यांचं गणित निराळं. भंडारदऱ्याचा रंधा प्रवरेवर आहे आणि वर १९२६ चं धरण. तिथे पाऊस थांबलेला असताना पाणी वाढू शकतं, कारण दार उघडायचं धरणावर ठरतं. जायच्या आधी विसर्ग किती चालू आहे ते विचारून घे. फोटोसाठीही ते लागतं. पाणी बंद असेल तर नुसता काळा कातळ बघून परत येशील.

जुलै कशाला, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धर. सगळे जुलैच्या मागे असतात आणि मला ते कधीच पटलं नाही. जुलैत धुकं इतकं असतं की समोरचा कडाच दिसत नाही, पाणी लाल, लेन्स सतत ओली. सप्टेंबरात पाणी निवळतं, धारा सुट्या होतात, कातळाचे थर दिसायला लागतात, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. फक्त परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, म्हणून पहाटे निघ आणि जेवायच्या वेळेला गावात परत ये.

पहाटे निघण्याचं दुसरं कारण उजेड. कोकणाकडे कोसळणारे आपले बरेच धबधबे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य कड्याच्या मागे असतो, त्यामुळे अख्खा धबधबा सावलीत, एकसारख्या मऊ उजेडात मिळतो. दुपारी ऊन थेट पाण्यावर आलं की पांढरं इतकं फटफटीत होतं की त्यातला तपशील पुन्हा मिळत नाही. इंद्रधनुष्य हवं असेल तर मात्र ते दुपारचं ऊन लागतं. सूर्य पाठीमागे आणि तुषार समोर, असं उभं राहायचं.

लेन्सबद्दल फार विचार करू नकोस, जी आहे ती पुरे. पैसे असतील तर पोलरायझर घे, म्हणजे लेन्सवर लावायची फिरती काच. नुसता उजेड कमी करणाऱ्या गडद एनडी फिल्टरच्याही आधी मी हे सांगेन. ओल्या कातळावर आणि पानांवर जी पांढरी चकाकी असते ती पोलरायझर फिरवला की निघून जाते, आणि खालचा काळा दगड, हिरवं शेवाळ खऱ्या रंगात वर येतं. हळूहळू फिरवत डोळ्यांनी बघ, कुठे थांबायचं ते कळेल. इंद्रधनुष्य असेल तर जपून, चुकीच्या कोनात तेही पुसलं जातं. पोलरायझरने उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ढगाळ सकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र बारीक, एफ/११ ठेवलंस तर तेवढ्यावरच शटर पाव सेकंदाच्या आसपास येतं, आणि बऱ्याच धबधब्यांना तेवढं पुरतं.

पाणी दुधासारखं गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांना होतो. तू तसं करू नकोस असं म्हणत नाही, पण आधी पाणी बघ. बारीक, सुट्या धारा कातळावरून ओघळत असतील तर अर्धा ते एक सेकंद छान दिसतो. मोठा लोट कोसळत असेल तर एका सेकंदात त्याचा नुसता पांढरा पट्टा होतो आणि सगळा जोर जातो. तिथे सेकंदाचा एक पंधरांश, एक तिसांश बघ, म्हणजे धारेतल्या दोऱ्या दिसतात. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला पाणी कड्यावरून पडता पडता वाऱ्याने वर उडतं, तिथे एक पाचशेंश किंवा त्याहून वेगवान हवं, थेंब वर जाताना दिसले पाहिजेत. आणि तिथे कड्याच्या टोकाशी जायचं नाही. जो वारा पाणी वर ढकलतो तो एकदम पडतोही. एकाच जागी चार वेगवेगळी शटर घेऊन घरी शेजारी शेजारी लावून बघ.

पांढऱ्या पाण्याचं एक्सपोजर थोडं कमीच ठेव. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटला की तपशील गेला. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात रोवलेस तर ते थरथरतात, काठावरच्या कोरड्या कातळावर लाव. तुषार येतच राहणार. लेन्स खाली करून ठेव, फ्रेम आधी ठरव, कापडाने पुसायची, लगेच क्लिक, पुन्हा पुसायची. दोन-तीन मायक्रोफायबरची कापडं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेव, एक भिजलं की ते संपलं. गाडीत एसी लावून कॅमेरा थंड केलास तर बाहेर काढताच काचेवर धुकं धरेल.

पायात रबरी तळव्याचे, घट्ट पकडीचे बूट हवेत. शेवाळलेल्या कातळावर तेही घसरतात, म्हणून पाऊल टाकून, वजन देऊन, मग दुसरं उचल. ओढ्याकाठची फांदी आधारासाठी धरण्याआधी नीट बघ. आंबोली, कोयनेकडे हिरवा चापडा हा विषारी साप अगदी हाताच्या उंचीवर बसलेला असतो आणि पानांत पटकन दिसत नाही.

गावातला वाटाड्या घेच. पावसात ढोरवाटा आणि खरी वाट यांतला फरक गवताखाली जातो, आणि ओढा कालपेक्षा आज किती चढलाय हे त्यालाच कळतं. तो मागेल ते पैसे दे, घासाघीस करू नकोस. जेवण त्याच्या घरी सांगून ठेव. भातखाचरातून जाताना बांध ढासळेल असं चालू नकोस, लावणी करून माणसं कंबरेत वाकलेली असतात आणि आपण तो बांध तुडवून पुढे जातो, हे मला फार लागतं. जिथे अजून गर्दी नाही अशा ओढ्याचं ठिकाण फोटोखाली टाकायचं की नाही, हे गावाला विचारून ठरव.

दूधसागरसाठी रुळांवरून चालायचं नाही, रेल्वेची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पाऊस संपला की कुळ्याहून जीप सुरू होतात, तोवर थांब.

आता तुझी यादी. काळू यंदा नको, पुढच्या वर्षी आपण सोबत जाऊ. देवकुंडची बंदी उठल्यावर बघू. सुरुवात ठोसेघरच्या धबधब्याने कर. सज्जनगडाच्या पुढे आहे, दरीच्या पलीकडून समोर बघायला बांधलेली गॅलरी आहे, त्यामुळे पाण्यात पाय न घालता शटर, पोलरायझर, उजेड या सगळ्याचा सराव होईल. सकाळी पोच आणि धुकं असेल तर जागा सोडू नकोस, ते वर-खाली होत राहतं. घरी आल्यावर निवडून चार फोटो पाठवू नकोस. सगळ्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, फाइल्स पाठव, फसलेल्यासुद्धा, आणि प्रत्येक वेळी पाणी कसं होतं ते दोन ओळींत लिही.

तुझा,
काका