लक्सरला एकटीने जाताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात इजिप्तमधल्या नाईलकाठच्या लक्सर शहराचा, म्हणजे प्राचीन थीब्जचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेक पत्रे स्त्रियांची आहेत आणि त्यांतल्या शंका देवळांपेक्षा रस्त्याविषयी अधिक आहेत. मी स्वतः तिथे एकटीने गेले आहे, नंतर मैत्रिणींना घेऊनही गेले आहे. त्या अनुभवाच्या आधारे निवडक प्रश्नांची उत्तरे देते.

प्रश्न (पुणे, वय ५२): मुले आपापल्या वाटेला लागली आहेत आणि यजमानांना प्रवासाची आवड नाही. लक्सरला आठवडाभर एकटीने जावे असे मनात आहे, पण घरचे घाबरवतात. एकट्या बाईने जावे का?

जरूर जावे. मात्र शहर सुरक्षित असणे वेगळे आणि निवांत असणे वेगळे, हे मनाशी पक्के करून जावे. लक्सरचे पोट पर्यटकांवर चालते आणि तिथे पाहुण्याच्या जिवाला धक्का लागू नये याची काळजी सरकारपासून टांगेवाल्यापर्यंत सगळेच घेतात. १९९७ साली हातशेपसुत राणीच्या मंदिरात झालेल्या हल्ल्यात बासष्ट माणसे मारली गेली, त्यानंतर तर प्रत्येक स्थळावर तपासणी आणि बंदोबस्त असतो. स्त्रियांच्या छेडछाडीविरुद्ध इजिप्तने २०१४ मध्ये स्वतंत्र गुन्हा नोंदवण्याची तरतूद केली आणि २०२१ मध्ये शिक्षा अधिक कडक केली. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १२६ आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा.

प्रत्यक्षात त्रास होतो तो चिकाटीचा. नदीकाठच्या रस्त्यावर पन्नास पावले चालेपर्यंत टांगा, होडी, शाल, मसाले आणि टॅक्सी यांची विचारणा होते. आपण भारतीय आहोत हे ओळखले की मागून "अमिताभ बच्चन!" अशी हाक येते. वळून हसलात की संभाषण सुरू झाले आणि संभाषण सुरू झाले की त्याचा शेवट दुकानात होतो. "मला ओळखलं नाही का? मी तुमच्या हॉटेलातच काम करतो," असे म्हणत एखादा तरुण आपुलकीने पुढे येतो, तो हॉटेलचा नसतो. "आज गावचा बाजार आहे, फक्त आजच," असे सांगणारा टांगेवाला उद्याही तेच सांगणार असतो. अशा वेळी न थांबता, नजर समोर ठेवून "ला, शुक्रन" म्हणजे "नको, आभारी आहे" एवढेच म्हणावे. दोनदा सांगूनही माणूस हटला नाही तर "खलास" म्हणावे. हा शब्द आपलाच वाटतो, कारण तो अरबीतूनच आपल्याकडे आला. आपण सभ्य घरातल्या बायका समोरच्याला तोडून बोलायला कचरतो. लक्सरमध्ये हा संकोच महागात पडतो.

"नवरा कुठे आहे, मुले किती?" हे प्रश्न मात्र वाईट हेतूने विचारलेले असतात असे समजू नये. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली मावशीही हेच विचारते. यजमान हॉटेलवर विश्रांती घेत आहेत, असे सांगून टाकले तरी चालते. टॅक्सीत मात्र मागच्या सीटवर बसावे आणि भाडे बसण्याआधी ठरवावे.

प्रश्न (नागपूर): आम्हांला उन्हाची सवय आहे, म्हणून स्वस्तात मिळते तर मे महिन्यात गेलो तर? आणि कपडे कोणते न्यावेत?

नागपूरकरांनी उन्हाचा अभिमान बाळगावा, पण राजांच्या दरीत, म्हणजे जुन्या राजांची थडगी जिथे आहेत तिथे, तो तपासून पाहू नये. तिथे पारा चाळिशीच्या वर जातोच, शिवाय दरी म्हणजे उघडी चुनखडीची भट्टी. झाड नाही, आडोसा नाही, आणि थडग्यांच्या आत माणसांच्या श्वासाने हवा कोंदलेली असते. ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो.

कपड्यांसाठी वेगळी खरेदी करू नका. सुती सलवार-कमीज आणि ओढणी यांच्याइतका सोयीचा पोशाख त्या शहरासाठी दुसरा नाही: हात-पाय झाकले जातात, ऊन लागत नाही, धूळ उडाली की ओढणी नाकावर घेता येते आणि लक्सर मंदिराच्या अंगातच उभ्या असलेल्या अबू अल-हग्गाग मशिदीत जायचे झाले तर तीच डोक्यावर घेता येते. साडी नेसून जायला हरकत नाही, पण थडग्यांच्या लाकडी जिन्यांवर निऱ्या सांभाळत उतरणे कठीण जाते. पायांत मात्र बंद बूट हवेत.

प्रश्न (ठाणे): माझ्याकडे पूर्ण दोनच दिवस आहेत. राजांच्या थडग्यांविषयी सगळीकडे वाचायला मिळते. तिथल्या स्त्रियांच्या खुणा पाहायच्या असतील तर काय निवडावे?

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. दोन्ही सकाळी थडगी असलेल्या पश्चिम तीराला द्या, संध्याकाळी कार्नाक आणि लक्सर ही मंदिरे असलेल्या पूर्व तीराला. स्थळे सकाळी सहाला उघडतात. तुम्ही सहाला दारात असाल तर दहा वाजता येणाऱ्या बसगाड्यांच्या आधी तुमचे निम्मे पाहून झालेले असते.

पहिल्या सकाळी देर अल-बाहरी येथील हातशेपसुतचे मंदिर पाहा. इ.स.पू. पंधराव्या शतकात हिने सुमारे वीस वर्षे राणी म्हणून नव्हे, तर फेरो, म्हणजे राजा, म्हणून राज्य केले. शिल्पांत ती पुरुषी वेशात आणि खोट्या दाढीसह दिसते, पण लेखांत अनेक ठिकाणी तिच्यासाठी स्त्रीलिंगी रूपे वापरलेली आहेत. तीन मजल्यांच्या या मंदिरात मधल्या मजल्यावर डाव्या हाताला पुंट देशाच्या सफरीची चित्रे आहेत. धूपाची झाडे मुळांसकट टोपल्यांत घालून माणसे ती काठीला लटकवून गलबतावर चढवीत आहेत, हा प्रसंग शोधून काढा आणि तिथे पाच मिनिटे उभ्या राहा. तिच्यानंतर तिसऱ्या थुटमोसच्या काळात तिच्या प्रतिमा छिन्नीने तासून काढण्यात आल्या. भिंतीवर मधोमध तिच्या आकाराची खरवडलेली पोकळी दिसते, तीही पाहण्यासारखीच आहे. कार्नाकला तिचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच शिळेचा सुमारे २९ मीटर उंच निमुळता स्तंभ, अजून उभा आहे. असवानच्या खाणीतून तो सात महिन्यांत काढल्याचे तिने त्याच्यावरच कोरून ठेवले आहे. त्याचा जोडीदार पडला, त्याचे टोक पवित्र तलावाजवळ आडवे ठेवलेले आहे.

दुसऱ्या सकाळी बहुतेक सहली जे गाळतात ते देर अल-मदिना पाहा. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची ही वसाहत. पुरुष कामाच्या दिवसांत डोंगरापलीकडे मुक्कामाला असत आणि गाव बायकांच्या ताब्यात असे. गुडघाभर उंचीच्या भिंतींवरून खोल्या, चूल आणि तळघर ओळखू येते. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या छोट्याशा थडग्यात परलोकातल्या शेताचे चित्र आहे: तो नांगर धरतो आणि त्याच्या मागून त्याची बायको इनेफेर्ती बी पेरत चालली आहे. दोघांचेही कपडे शेतात कोणी घालणार नाही इतके पांढरेशुभ्र आहेत, हे पाहून हसू येते.

याच वसाहतीत नौनख्ते नावाची बाई राहत होती. इ.स.पू. बाराव्या शतकात तिने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले. तिला आठ मुले होती. म्हातारपणी ज्यांनी आपल्याकडे पाहिले नाही त्यांना माझ्या वाट्यातले काही मिळणार नाही, असे तिने स्पष्ट नोंदवले. स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा आणि ती स्वतःच्या मर्जीने देण्याचा हक्क होता, म्हणून तर हे शक्य झाले. हे कागद आता संग्रहालयांत आहेत, पण ते मनात ठेवून त्या गल्लीतून चालले की दगडांना माणसे फुटतात.

नेफरतारी राणीचे थडगे उघडे असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर तेही पाहा. तिकीट वेगळे आणि महाग आहे, आत जेमतेम दहा मिनिटे मिळतात आणि दुरुस्तीसाठी ते अधूनमधून बंद ठेवले जाते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. सोंगट्यांसारखा सेनेत नावाचा खेळ खेळत बसलेली राणी प्रवेशाजवळच्या भिंतीवर आहे. तुतनखामेनचे थडगे मात्र दोन दिवसांच्या सफरीत मी गाळेन: खोली लहान, तिकीट वेगळे, आणि तिथला गाजलेला खजिना कैरोजवळ गिझाला आहे.

प्रश्न (कोल्हापूर): देवळातले रखवालदार पैसे मागतात असे ऐकले. द्यावेत का, किती द्यावेत?

तिथे याला "बक्षीश" म्हणतात. शब्द आपल्याच बक्षिसाचा भाऊ आहे, पण अर्थ थोडा सरकला आहे: आपल्याकडे बक्षीस पराक्रमाचे, तिथे दार उघडल्याचेही. पगार तुटपुंजे असल्याने ही देवघेव तिथल्या जगण्याचा भाग आहे. काम करून घेतले तर द्यावे, न मागता गळ्यात पडलेल्या माहितीसाठी देऊ नये.

एक उदाहरण देते. कार्नाकच्या उत्तर टोकाला प्ताह देवाचे लहान देऊळ आहे. मोठ्या सभामंडपातले १३४ खांब पाहून लोक परत फिरतात, त्यामुळे इकडे शुकशुकाट असतो. आतल्या गाभाऱ्यात सेख्मेत या सिंहमुखी देवीची काळ्या पाषाणाची मूर्ती उभी आहे. खोलीत दिवा नाही. छताला ठेवलेल्या छिद्रातून उजेडाची एक तिरीप येते तेवढीच. रखवालदाराने दार लोटून घेतले, डोळे अंधाराला सरावले आणि आधी तिचे खांदे, मग मुख हळूहळू वर आले. असा गाभारा मी कोल्हापूरकर बाईला काय समजावून सांगणार! त्या माणसाला मी वीस इजिप्शियन पौंड आनंदाने दिले. तरीही एकट्या असाल तर दार लावू देऊ नका, अर्धे उघडे ठेवायला सांगा; दुसरी एखादी प्रवासी स्त्री येईपर्यंत थांबणे सर्वांत उत्तम.

एटीएममधून दोनशेच्या नोटा निघतात आणि सुटे कोणाकडेच नसतात, म्हणून हॉटेलातच पाच, दहा, वीसच्या नोटा करून घ्याव्यात. उलट मोठ्या स्थळांच्या तिकीटखिडकीवर आता कार्ड लागते.

प्रश्न (सांगली): सत्तरीच्या आईला घेऊन जाणार आहे. ती शाकाहारी आहे आणि गुडघे दुखतात.

जेवणाची चिंता करू नका. फूल म्हणजे शिजवून घोटलेले बाकळ्याचे दाणे, तामेया म्हणजे त्याच दाण्यांचे भजीसारखे वडे, आणि भात-मसूर-मॅकरोनीवर तळलेला कांदा व आंबट-तिखट टोमॅटो घातलेली कोशरी. या तिन्हींवर आठवडा निघतो. वरच्या, म्हणजे दक्षिण, इजिप्तची खासियत असलेली उन्हात फुगवलेली "ऐश शम्सी" ही जाड भाकर आईंना आवडेल. मुलुखिया ही पालेभाजी दिसायला निरुपद्रवी, पण बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असते. प्यायला कर्कदे मागवा. ते लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत आहे.

राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. चौथ्या रामसेसचे थडगे रुंद, सौम्य उताराचे आणि प्रवेशाजवळ आहे, ते आईंना जमेल. तिसऱ्या थुटमोसच्या थडग्यासाठी आधी उंच जिना चढावा लागतो व मग खोल उतरावे लागते. तिकडे त्यांना नेऊ नका. दरीत आणि हातशेपसुतच्या मंदिरापाशी फाटकापासून विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते. लक्सर मंदिर सपाट आहे आणि रात्री दिव्यांत पाहता येते.

प्रश्न (मुंबई): पहाटेचा गरम हवेचा फुगा की नाईलवरची होडी?

होडी, म्हणजे शिडाची फलूका. सूर्यास्ताच्या तासभर आधी, दर ठरवून, आणि एकट्या असाल तर दुसऱ्या बायका किंवा कुटुंब सोबत घेऊन. फुग्यातून पश्चिम तीर अप्रतिम दिसतो, पण २०१३ साली तिथेच फुगा पेटून १९ प्रवासी दगावले. वारा असताना उड्डाण रद्द करणाऱ्या कंपनीवर चिडू नये.

प्रश्न (नाव-गाव नको): पाळीच्या दिवसांची सोय?

पॅड औषधाच्या दुकानात सहज मिळतात. स्वच्छतागृहांत बहुधा पाण्याची सोय असते, कागद मात्र दारातली बाई हातावर ठेवते आणि सुटे मागते. स्थळांवरची स्वच्छतागृहे फाटकाजवळच असतात, आत शिरण्याआधी जाऊन यावे. वापरलेले पॅड टाकायला जवळ कागदी पिशव्या ठेवाव्यात.

प्रश्न (दुबईस्थित वाचक): रमजानमध्ये सुट्टी मिळते आहे, तेव्हा जावे का?

जावे, गर्दी कमी असते. स्थळे लवकर बंद होतात, म्हणून वेळा आधी विचाराव्यात आणि दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळावे. सूर्यास्ताच्या सुमारास टॅक्सी शोधू नका. त्या अर्ध्या तासात सगळे शहर रोजा सोडायला बसलेले असते आणि रस्त्यावर तुम्ही एकट्याच दिसलात तर कोणीतरी खजूर हातात देऊन तुम्हांलाही बसवून घेईल.