बारीक नळीची पारंपरिक ठासणीची रायफल कशी घ्यावी आणि कशी चालवावी?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत राहणाऱ्या आणि आजवर केवळ .२२ ची आधुनिक रायफल हाताळलेल्या माणसाने .३२ किंवा .३६ इंच आतल्या व्यासाच्या नळीची पारंपरिक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, रायफल घ्यावी का, आणि घेतल्यास ती चालवताना काय सांभाळावे. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि .३२ ची अशी रायफल वापरतो. माझे उत्तर असे की अवश्य घ्यावी; मात्र बारीक नळीत दारूचा मळ फार लवकर साचतो आणि बंदुकीच्या निवडीपासून सफाईपर्यंतचे सर्व निर्णय त्या मळाचा विचार करूनच घ्यावे लागतात, हे आधी पक्के समजून घ्यावे.

या लांब नळीच्या रायफली अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी घडवल्या. डोंगराळ मुलखात शिसे आणि दारू दोन्ही विकत घेऊन पाठीवर वाहून न्यावी लागत असल्याने खारीसारख्या लहान शिकारीसाठी बारीक नळी सोयीची ठरली. ही काटकसर आजही खरी आहे. .३२ च्या नळीत जाणारी .३१० इंच व्यासाची शिशाची गोळी सुमारे ४५ ग्रेन वजनाची असते, म्हणजे ७,००० ग्रेनच्या एका पौंडात अशा दीडशेहून अधिक गोळ्या होतात; .५० च्या रायफलीसाठी तेवढ्याच शिशात चाळीसदेखील होत नाहीत. बार २० ग्रेनचा धरला तर एक पौंड दारू साडेतीनशे बारांना पुरते. शिवाय धक्का इतका सौम्य असतो की नवशिक्याला खांदा आखडून चाप ओढण्याची सवय लागत नाही. शिकण्याच्या दृष्टीने मला हा तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी आणि आधुनिक काडतूस न घेणारी ठासणीची रायफल पुरातन शस्त्रांत गणली जाते, त्यामुळे बहुतेक राज्यांत ती टपालानेही मागवता येते. परंतु न्यू जर्सीसारख्या काही राज्यांचे नियम कडक आहेत. आपण व्हिसावर राहत असाल तर खरेदीपूर्वी स्थलांतराच्या कायद्याच्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. ही बंदूक भारतात नेण्याचा विचार मात्र करू नये, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तेथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

खरेदीसाठी तीन वाटा आहेत. ट्रॅडिशन्स कंपनीची ‘क्रॉकेट’ ही .३२ ची रायफल तुलनेने स्वस्त आहे आणि पहिली बंदूक म्हणून मी तिलाच पसंती देईन. इटलीच्या पेडरसोलीच्या रायफली अधिक देखण्या आणि महाग असतात. थॉम्पसन सेंटरच्या ‘चेरोकी’ आणि ‘सेनेका’ आता बनत नाहीत, पण जुन्या बाजारात मिळतात. जुनी बंदूक घेताना लाकडाच्या सौंदर्यापेक्षा नळीच्या आतल्या स्थितीकडे पाहावे. प्रथम गज, म्हणजे गोळी ठासण्याची लांब सळी, आत सोडून ती भरलेली नाही याची खात्री करावी, मग घट्ट बसणारी कोरडी चिंधी गजावर लावून नळीतून फिरवावी. ती कोठे अडखळली किंवा खरखरली तर तेथे गंजाचे खड्डे आहेत असे समजावे आणि बंदूक सोडून द्यावी, कारण त्या खड्ड्यांत मळ अडकतो. काही कारखानी रायफलींत नळीच्या तळाशी दारूचा कप्पा नळीहूनही अरुंद असतो; त्याच्या सफाईसाठी .२२ चा छोटा ब्रश सोबत घ्यावा. चकमकीच्या घोड्यापेक्षा टोपीवर, म्हणजे घोडा आपटताच ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर, उडणारी बंदूक सुरुवातीस सोपी जाते.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक आपण कदाचित पाहिली असेल. तिची नळी सहसा आतून गुळगुळीत असते आणि तीत छरे भरतात. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात आणि तेलकट चिंधीत गुंडाळलेली एकच गोळी त्या आट्यांना घट्ट धरून फिरत बाहेर पडते, म्हणून येथे दारूचे माप, चिंधीची जाडी आणि गोळीचा व्यास यांचा मेळ बसवावाच लागतो. दारू तीन एफ प्रतीची बारीक दाण्यांची काळी दारूच असावी. आधुनिक धूरहीन दारू या नळीत थोडीदेखील घालू नये, नळी फुटते.

भरण्यापूर्वी रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या उडवाव्यात, म्हणजे ठिणगीच्या वाटेतले तेल जळून जाते. दारू ती साठवण्याच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये, कारण मागच्या बाराचा निखारा आत राहिला असल्यास सगळे शिंग पेटू शकते. ती आधी मापात घ्यावी आणि मापातून नळीत सोडावी. मग चिंधीसह गोळी दाबत दारूपर्यंत नेऊन टेकवावी. मध्ये पोकळी राहिल्यास नळीला फुगवटा येण्याचा धोका असतो, म्हणून भरलेल्या बाराची खूण गजावर करून ठेवावी. बारीक नळीचा लाकडी गज फार नाजूक असतो. तो नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा ढकलावा, नाहीतर तो मोडून हातात घुसतो. मैदानावर मी पितळी गज वापरतो. टोपी सर्वांत शेवटी, नळी लक्ष्याकडे असतानाच बसवावी. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर किमान एक मिनिट नळी लक्ष्यावरच रोखून धरावी.

२५ यार्डांवर, टेकू घेऊन, २० ग्रेनपासून सुरुवात करावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील कमाल मापापलीकडे जाऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुढे जमिनीवर पडलेल्या चिंध्या उचलून पाहाव्यात, त्या पुष्कळ काही सांगतात. चिंधी अखंड आणि कडेला थोडी उसवलेली असेल तर मेळ जमला आहे. जळलेली किंवा फाटलेली असेल तर ती फार पातळ किंवा फार कोरडी आहे. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर घन अवशेष म्हणून उरतो. .५० च्या नळीत काही बार न पुसता चालून जातात, .३२ मध्ये मात्र तिसऱ्या-चौथ्या गोळीलाच गज अडू लागतो आणि नेमही पसरतो. म्हणून प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर चिंधी दोन्ही बाजूंनी फिरवावी. ती फार ओली असल्यास मळ तळाशी ढकलला जातो आणि पुढची दारू भिजते.

सफाई त्याच दिवशी, कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने करावी, कारण या मळातील क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि पोलादाला गंज चढतो. नळी पूर्ण कोरडी करून तेल लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक स्वच्छ चिंधी फिरवून पाहावी. ती तपकिरी निघाली तर सफाई पुन्हा करावी. शिकारीचा परवाना काढणार असाल तर खार आणि ससा एवढ्यावरच थांबावे. ही हलकी गोळी वेग लवकर गमावते आणि वाऱ्याने सरकते, त्यामुळे चाळीस यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही, आणि हरणावर तर ही गोळी मुळीच चालवू नये. जनावर जखमी होऊन तडफडत राहते.